विश्वसनीयतेचे माप : जिम ग्रे यांच्या एका निबंधाचा पुनर्विचार

संस्थेच्या सर्व्हरसाठी हार्डवेअर व ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना चर्चा बहुधा उत्पादकाची कीर्ती आणि किंमत यांपाशीच थांबते. संगणक मुळात बंद का पडतात, हा प्रश्न मागे राहतो. टँडम कंपनीत असताना जिम ग्रे यांनी १९८५ साली नेमक्या याच प्रश्नावर लिहिलेला निबंध म्हणूनच आजही विचारार्ह आहे.

नव्या यंत्रांचे आरंभीचे बिघाड वगळून ग्रे यांनी जी विभागणी दिली, तीत व्यवस्थापनातील चुका ४२ टक्के, सॉफ्टवेअर २५ टक्के आणि हार्डवेअर अवघे १८ टक्के आहे. यावरून हार्डवेअरची निवड गौण होय, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. टँडमच्या यंत्रांत महत्त्वाचे भाग दुहेरी असत. एक निकामी झाला तरी दुसरा काम चालवी. ते १८ टक्के अशा यंत्रांचे आहेत. साध्या यंत्राला ते लागू करता येत नाहीत. गूगलच्या यंत्रसमूहाच्या २००९ मधील अभ्यासात दरवर्षी सुमारे एकतृतीयांश यंत्रांच्या स्मृतीत निदान एक तरी चूक आढळली. स्मृतीत दोषनिवारणाची सोय नसेल, तर अशी चूक कळतही नाही आणि विदा मुकाट्याने बिघडते.

ग्रे यांचा दुसरा उपदेश मात्र आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. सॉफ्टवेअरमधील दोष प्रत्यक्ष त्रास देत नसेल, तर दुरुस्ती घाईने बसवू नये, असे ते सांगतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने ज्या विंडोज यंत्रांना ग्रासले, त्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. उलटपक्षी, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. विलंब आणि घाई, दोन्ही घातकच.

तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमची परीक्षा तिच्या कीर्तीवरून न करता तीन प्रश्नांवरून करावी. दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? त्या आधी वेगळ्या यंत्रावर पारखता येतील काय? आणि अंगलट आल्यास पूर्वस्थितीवर परतता येईल काय? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरालाही शाश्वती नसते. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार अपेक्षित होता. तो ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपला.

ग्रे यांची आकडेवारी जुनी झाली, त्यांची पद्धत मात्र झाली नाही. प्रत्येक बिघाडाची कारणासह नोंद ठेवणारी संस्थाच पुढील निवड डोळसपणे करू शकेल.