मनोविकारतज्ज्ञांची संघटना आणि न विचारलेला प्रश्न

व्यावसायिकांच्या संघटनेचे मूल्यमापन तिच्या परिषदा किती थाटात भरतात यावरून करू नये. तिच्या सभासदापुढे येऊन बसणाऱ्या माणसाला काय बोलता येते, यावरून करावे. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी १९४७ साली स्थापन झाली. महाराष्ट्र, गुजरात, गोवा हा टापू तिच्या पश्चिम विभागीय शाखेकडे येतो. परिषदा, व्याख्याने, तरुण डॉक्टरांचे निबंधवाचन ही अशा शाखेची कामे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. औषधांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु बोलण्याविषयी आणि न बोलण्याविषयी तो आहे, असे मी मानतो.

मी तळवड्यात राहतो. इथून चाकणपर्यंत कारखाने आहेत आणि त्यांत कंत्राटी पोरे आहेत. माझा एक माजी विद्यार्थी तिकडे रात्रपाळी करतो. पहिल्याच महिन्यात त्याला कोणी आडनाव विचारले, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. दुसऱ्या दिवसापासून डब्याला सोबत बसणारे चौघे वेगळ्या बाकावर गेले. शिवी कोणी दिली नाही. पोराची मात्र झोप गेली, हात थरथरू लागले. तेव्हा 'याला येरवड्याला दाखवा' ही थट्टा सुरू झाली. (येरवड्याचे मनोरुग्णालय आमच्याकडे आधी शिवी म्हणून कळते, इस्पितळ म्हणून नंतर.) मीच त्याला एका डॉक्टरांकडे नेले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सर, अर्धंच सांगितलं."

"का रे?"

"कामाचं विचारलं, व्यसनाचं विचारलं, घरात कुणाला होतं का ते विचारलं. ते नाही विचारलं. आणि दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव वाचून माझ्या तोंडून निघेना."

गोळ्यांनी त्याला झोप लागू लागली, हे कबूल केले पाहिजे. डॉक्टरही वाईट नव्हते. हा प्रश्न त्यांना कोणी शिकवलाच नसावा. आणि सभासदांना शिकवत राहणे हे तर संघटनेचे काम आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमात, उपचारात ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही त्यांत, जात स्पष्ट शब्दांत लिहिली आहे. त्या मुलाच्या केसपेपरवर मात्र तिला जागा नव्हती. यावर माझे काही सुशिक्षित मित्र म्हणतात, डॉक्टराला जात नसते. ती विचारणे हाच भेदभाव. जात विचारा असे मी म्हणतच नाही. जातीने तुझे काय केले, ते विचारा. आणि डॉक्टराला जात नसते म्हणणाऱ्यांनी २०१९ चा मे महिना आठवावा. मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने जीव दिला आणि जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या वरिष्ठ डॉक्टरांवरच आला.

ही सोसायटी समाजाच्या प्रश्नावर बोलूच शकत नाही, असेही नाही. समलिंगी असणे हा आजार नव्हे, हे तिने २०१८ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबरातील निकालाआधीच जाहीर केले. हे धैर्याचे काम होते. तेच धैर्य जातीच्या बाबतीत प्रत्येक विभागीय परिषदेत दिसावे, ही मागणी अवास्तव आहे काय? अमेरिकेत १८५१ साली एका डॉक्टरने गुलामाच्या पळून जाण्यालाच रोग ठरवले होते. तिथल्या काळ्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ साली आपल्याच राष्ट्रीय संघटनेपुढे उभे राहून जाब विचारला. त्या संघटनेने वर्णवादातील आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली ती २०२१ च्या जानेवारीत. मधली बावन्न वर्षे मोजावीत.

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. जातीचे ठाणे माणसाच्या मनात आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. तरी आपल्या चळवळीने मनाच्या आजाराला बहुधा दुबळेपणाच मानले. मोर्चात रडणारा कार्यकर्ता आपल्याला चालतो, झोप न येणारा चालत नाही. माझ्या घरात तर माझ्या शिक्षणापर्यंत या दुखण्याला देवऋषी हा एकच वैद्य होता.

त्या मुलाची पुढची तारीख आता आली आहे. राहिलेले अर्धे तो कागदावर लिहून नेणार आहे. परवा विचारत होता, "सर, मराठीत लिहिलं तर वाचतील ना?"