पूल, टोमॅटो आणि यंत्राचें राजकारण

यंत्रालाहि राजकारण असतें काय, हा प्रश्न लँग्डन विनर या अमेरिकन लेखकानें १९८० सालीं ‘डिडॅलस’ त्रैमासिकांतील एका निबंधांत विचारला, आणि १९८६ सालीं ‘द व्हेल अँड द रिॲक्टर’ या आपल्या पुस्तकांत तो निबंध समाविष्ट केला. निबंध लहान आहे. तथापि त्याचा जेवढा बोलबाला झाला तेवढा पुष्कळ जाडजूड ग्रंथांच्याहि वांट्यास येत नाहीं. परंतु ज्या उदाहरणामुळें त्यास ही कीर्ति लाभली तें आमच्या मतें त्यांतील सर्वांत कच्चें उदाहरण होय. आणि वाचक जें भराभर ओलांडून जातात त्यांत निबंधाचें खरें बळ आहे.

प्रथम तें प्रसिद्ध उदाहरण पाहूं. रॉबर्ट मोझेस या गृहस्थानें न्यूयॉर्कचे रस्ते, पूल व उद्यानें यांवर कित्येक दशकें सत्ता गाजविली. १९३४ सालीं तो गव्हर्नरपदासाठीं उभा राहिला आणि सपाटून हरला; पण मतदारांनीं नाकारलेली सत्ता त्यानें नेमणुकीच्या मंडळांतून मिळविली. लाँग आयलंड बेटावरील त्याच्या उद्यानमार्गांवरचे पूल इतके ठेंगणे, कीं कडेला कोठें कोठें नऊ फुटांचीच मोकळीक. बारा फूट उंचीची बस त्यांखालून जाणार कशी? १९२९ सालीं खुल्या झालेल्या जोन्स बीचवर मोटार बाळगणाऱ्यांनींच यावें, बसनें येणाऱ्या गरिबांनीं व कृष्णवर्णीयांनीं येऊं नये, असा यांत हेतु होता, असें विनर सांगतो. ही हकीकत त्यानें रॉबर्ट कॅरोच्या १९७४ च्या मोझेसचरित्रांतून घेतली आहे.

या कथेवर १९९९ सालीं बर्नवार्ड योर्गेस या जर्मन समाजशास्त्रज्ञानें हरकत घेतली. अशा उद्यानमार्गांवर बसगाड्यांना नियमानेंच मज्जाव होता; इतरत्रच्या उद्यानमार्गांवरहि असेच ठेंगणे पूल होते; आणि समुद्रकांठीं जाण्यास दुसरे रस्ते होतेच. हरकत बिनतोड आहे. मात्र तिच्या योगानें मोझेस निर्दोष सुटतो असें मानणाऱ्यांनीं ती नीट वाचलेली नाहीं. बस अडविण्यास पुलाची गरजच नव्हती, कारण नियम तें काम करीत होता. आणि कॅरोच्याच म्हणण्याप्रमाणें कृष्णवर्णीयांच्या सहलींना बसचा परवाना मिळणें दुष्कर करून ठेवलें होतें. तेव्हां दोष दगडाच्या कमानींत शोधण्याऐवजीं कचेरींतल्या कागदांत शोधावयास हवा होता. विनरच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल, कीं नियम लेखणीच्या एका फटकाऱ्यानें रद्द होतो, पूल तसा होत नाहीं. हा मुद्दा मोलाचा आहे; पण त्यावर त्यानें भर दिला तो थोडा, आणि सूत्रधाराच्या दुष्टपणावर दिला तो अधिक.

टोमॅटोच्या उदाहरणांत असा कोणी सूत्रधारच नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठांत १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टोमॅटो तोडणारें यंत्र तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. नेहमींचें नाजूक फळ यंत्राच्या तावडींत टिकेना, तेव्हां जॅक हॅना या वनस्पतिशास्त्रज्ञानें यंत्राला सोसेल असें घट्ट सालीचें वाण तयार केलें. म्हणजे फळासाठीं यंत्र घडविण्याबरोबरच यंत्रासाठीं फळहि घडविलें! (चवीचें काय झालें, हें खाणारांनीं सांगावें.) मेक्सिकन मजूर आणण्याची १९४२ पासूनची सरकारी योजना १९६४ सालीं बंद पडतांच शेतकरी या यंत्राकडे धांवले. यंत्राची किंमत पन्नास हजार डॉलरांवर. तें परवडणार मोठ्या जमिनीवाल्यालाच. विनरनें दिलेले आंकडे असे: १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत सुमारें ४,००० असलेले टोमॅटो-उत्पादक १९७३ सालीं ६०० च्या आसपास उरले, उत्पादन मात्र वाढलें, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंदाजें ३२,००० मजुरांचीं कामें गेलीं.

येथें कोणीं कट केला? कोणींच नाहीं, हें विनर स्वतःच कबूल करतो, आणि येथेंच त्याची दृष्टि खरोखर तीक्ष्ण होते. १८६२ च्या कायद्यानें अमेरिकेंत शेती व यंत्रविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयांना सरकारी जमिनींच्या देणग्या मिळाल्या. १८८७ च्या हॅच कायद्यानें संशोधनकेंद्रांना पैसा मिळाला. या पैशावर चालणारा संशोधक प्रामाणिकपणें आपलें कोडें सोडवितो, आणि उत्तराचा लाभ आधींच सबळ असलेल्याच्या पदरीं पडतो. १९७९ सालीं मजुरांच्या व लहान शेतकऱ्यांच्या बाजूनें विद्यापीठावर दावा लावण्यांत आला. १९८७ सालीं खालच्या न्यायालयानें लहान कुटुंबांच्या शेतीचा विचार करणें विद्यापीठावर बंधनकारक ठरविलें. १९८९ सालीं अपिलांत तो निकाल फिरला. आपल्याकडील राहुरीसारखीं कृषिविद्यापीठें याच अमेरिकन नमुन्यावर उभीं राहिलीं असल्यामुळें हा खटला आपणांस अगदींच परका नाहीं.

विनरच्या विवेचनांत आम्हांस एक उणीव जाणवते. दिवसभर कंबर वांकवून फळें तोडणें हें काम काय असतें, याचा विचार त्यानें केलेला दिसत नाहीं. तें नष्ट झालें याबद्दल सरसकट हळहळ करवत नाहीं. त्या मजुराला त्याऐवजीं दुसरें काय मिळालें, हा प्रश्न उरतो, आणि ३२,००० या आंकड्यांत त्याचें उत्तर नाहीं.

निबंधाच्या उत्तरार्धांत, कांहीं यंत्रांना हुकूमशाहीच मानवते असें म्हणून, एंगल्सपासून अणुभट्टीपर्यंतचा पल्ला गांठला आहे. तो भाग घाईचा आहे. प्लुटोनियमच्या पहाऱ्याखालीं नागरिकांच्या हक्कांचें काय होईल यावरचा परिच्छेद तेवढा सावकाश वाचण्यासारखा आहे. भाषा आरशासारखी स्वच्छ. अमेरिकन प्राध्यापकांच्या लेखनांत हा गुण हल्लीं दुर्मिळ आहे. ज्यांना वेळ थोडा असेल त्यांनीं पुलांचीं पानें सोडून टोमॅटोच्या शेतापासूनच वाचनास आरंभ करावा.