वेदीपाशी ठेवलेले दान

मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपण उघडतो तो बहुधा धन्योद्गारांसाठी. त्या उद्गारांच्या माधुर्यात मन इतके रमते की पुढच्या तेविसाव्या आणि चोविसाव्या वचनांवरून नजर नुसतीच घसरत जाते. अवघी दोन वचने. एक माणूस देवाला अर्पण करायचे दान घेऊन वेदीपर्यंत आला आहे. तिथे त्याला आठवते, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे. येशू त्याला सांगतो, की दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर आणि मग येऊन ते अर्पण कर. देवासमोर जाण्यासाठी अंतःकरण कसे सिद्ध करावे, यावर ख्रिस्ती परंपरेत ग्रंथांचे ग्रंथ झाले आहेत. पण या दोन वचनांइतका चालताबोलता आणि मनातल्या मनात हसवणारा पाठ दुसरा माझ्या वाचनात नाही.

हसू कुठे आहे, ते पाहण्यासाठी जरा नकाशा समोर घ्यावा लागतो. येशू हे बोलतो आहे गालीलात, डोंगरावर, आणि ऐकणारे बहुतेक त्याच मुलखातले कोळी, शेतकरी, मजूर. त्यांची अर्पणाची वेदी मात्र एकच, यरुशलेमच्या मंदिरातली, तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. म्हणजे दोन-चार दिवस पायी चालून, सणाच्या गर्दीत रांग धरून, एखादे कोकरू किंवा पारव्यांची जोडी सांभाळत वेदीपाशी आलेल्या माणसाला कुणी सांगावे, की हे इथेच राहू दे आणि गावी परत जा. भावाला भेटून ये, मग पाहू. आता त्या कोकराला चारापाणी कोण देणार, याजकाने किती दिवस वाट पाहायची, मागच्या रांगेने काय करायचे, यातले काहीच वचन सांगत नाही. ऐकणाऱ्यांपैकी निदान दोघातिघांनी तरी एकमेकांकडे बघून ओठ दाबले असतील असे मला नेहमी वाटते.

जोयडा तालुक्यात बसून हे वाचताना त्या अंतराला वेगळीच धार येते. सुपा म्हणून ओळखला जाणारा हा सगळा मुलूख डोंगराचा आणि रानाचा. एक वाडी इकडच्या खोऱ्यात तर दुसरी पलीकडच्या. काळी नदीवर सुप्याचे धरण झाले, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांतली कितीतरी घरे रामनगरला येऊन वसली, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका बांधावर भांडणारे भाऊ वेगवेगळ्या वस्त्यांत जाऊन पडले. आपण कल्पना करू, की कॅसलरॉकचा एखादा भाविक ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला घाट उतरून जुन्या गोव्यात गेला आहे. गर्दीतून वाट काढत तो मेणबत्ती लावायला पुढे होतो आणि नेमका तेव्हाच गणेशगुडीचा धाकटा भाऊ त्याला आठवतो. या वचनाप्रमाणे त्याने मेणबत्ती तशीच ठेवून अनमोडचा घाट पुन्हा चढायचा. बस मिळाली तर ठीक.

आता त्या आठवणीकडेच जरा निरखून पाहू. ती वाटेवर येत नाही. चार दिवस चालताना, झाडाखाली भाकरी सोडताना, रात्री धर्मशाळेत पडल्यापडल्या भाऊ आठवला नाही. आठवला तो वेदीसमोर. स्नान झाले, शुद्ध वस्त्र झाले, दान निवडून झाले, म्हणजे माणसाच्या लेखी तयारी पुरी झाली होती, आणि जिथे ती पुरी झाली असे त्याला वाटले तिथेच खरी तयारी सुरू झाली. देवाच्या सान्निध्यातच हा सल वर यावा, यात केवढी सूक्ष्मता आहे! एरवी आपण समजतो की आधी मन निर्मळ करायचे आणि मग देवासमोर जायचे. इथे देवासमोर गेल्यावरच मनातला गाळ दिसू लागतो, आणि तो दिसणे हीच त्या सान्निध्याची पहिली कृपा ठरते.

दुसरा तपशील याहून नाजूक आहे. वचनात राग कुणाचा आहे? भावाचा. 'तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर' असे येशूने म्हटले असते, तर आपल्यापैकी पुष्कळजण सहज सुटले असते. डोळे मिटून, मनातल्या मनात क्षमा करून मोकळे झाले असते. पण तक्रार त्याची आहे, आणि ती खरी की खोटी, बांध कुणी सरकवला, कागद कुणाच्या नावावर आहे, याची चौकशी वचन करतच नाही. त्यामुळे मिटल्या डोळ्यांनी भागत नाही. पायांना कामाला लावावे लागते.

या वचनांत काही वाचकांना कर्मकांडाविरुद्धचे बंड दिसते: वेदी नको, दान नको, माणूस तेवढा हवा. मला हे वाचन पटत नाही. येशू दान परत घेऊन जायला सांगत नाही, तिथेच ठेवायला सांगतो. आणि शेवटी 'येऊन अर्पण कर' हेही तितक्याच ठामपणे सांगतो. वेदीचा मान जराही उणावलेला नाही. दान तिथे तिष्ठत आहे म्हणून तर परतण्याची ओढ आहे, आणि भाऊ तिकडे आहे म्हणून जाण्याची. या दोन ओढींच्या मधल्या वाटेवर त्या माणसाचे अंतःकरण घडते आहे.

याच्या शेजारी लूकच्या अठराव्या अध्यायातला दाखला ठेवला की दोन्हींचा रंग खुलतो. परूशी आणि जकातदार, दोघेही मंदिरात प्रार्थनेला आलेले. जकातदार हा शब्द कॅसलरॉकला फार परका वाटायचा नाही, कारण १९६१ पर्यंत हे स्टेशन म्हणजे पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीवरची जकातीची चौकी होती, आणि पेट्या उघडायला लावणाऱ्या माणसाविषयी प्रवाशांच्या मनात काय असते हे तिथे कुणाला समजावून सांगायला नको. परूशाची तयारी पाहावी तर चोख: आठवड्यातून दोनदा उपवास, मिळकतीचा दशांश दान. आणि गंमत अशी, की वेदीसमोर त्यालाही दुसरा माणूस आठवतो! मागे उभा असलेला जकातदार त्याच्या प्रार्थनेत शिरतो, पण शिरतो तो तुलनेला. मत्तयमधल्या माणसाला भाऊ आठवतो आणि तो उठून निघतो. परूशाला शेजारी आठवतो आणि तो होता तिथेच अधिक ताठ होतो. जकातदार दूरच थांबलेला. मान खाली, हात छातीवर आपटणारा. लूकने हा छाती बडवण्याचा आविर्भाव पुन्हा एकदा वापरला आहे, तो क्रुसावरचा मृत्यू पाहून घरी परतणाऱ्या लोकांच्या वर्णनात. ज्याने लेखणी इतकी जपून चालवली, त्याच्या हातून ही पुनरुक्ती सहज झाली असेल असे वाटत नाही.

तोच हात आजही मिस्सेच्या आरंभी छातीवर पडतो. रामनगरला असो वा वसईला, कबुली देवाला दिली जाते आणि त्याच दमात भोवतीच्या भावाबहिणींनाही. विचाराने, बोलण्याने आणि कृतीने घडलेली पापे त्या कबुलीत पूर्वीपासून होती. करायचे राहून गेले त्याची कबुली मात्र १९७० च्या मिस्सा-ग्रंथात नव्याने आली. चारांतला हा चौथा शब्द मला सर्वांत धारदार वाटतो. न गेलेली वाट, न ठोठावलेले दार, न लिहिलेले पत्र, सगळे त्यात येऊन बसते. भारतातल्या धर्माध्यक्षांनी मागितलेल्या आणि रोमने १९६९ मध्ये मान्य केलेल्या बारा सवलतींतही हीच नस सापडते. पादत्राणे काढणे, आरती, समई यांबरोबर पश्चात्तापविधीत पंचांग प्रणाम आणि मिस्सेच्या पूर्वतयारीतच परस्पर समेटाची खूण म्हणून शांतीचे अभिवादन करण्याची मुभा त्यांत आहे. गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवणारा देह आणि शेजाऱ्यापुढे जोडलेले हात, दोन्ही एकाच तयारीचे भाग झाले.

मराठीत या वचनांचे जिवंत भाष्य शोधायचे तर मी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे वळेन. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, परतल्या तरी सोवळे-ओवळे, स्वयंपाक, पाणी वेगळेच होते. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला; पण त्याआधीच, कुणी उपदेश केला म्हणून नव्हे तर स्वतःशी वाद घालून, जातिभेद माणसांनीच केला असे त्यांनी ठरवले आणि कुणाच्याही हातचे खायला-प्यायला मोकळ्या झाल्या. वेदी त्यांच्या आयुष्यात नंतर आली. वाटेतला भाऊ त्यांना आधी भेटला, आणि तो तर त्यांच्या आधीच्या जगात भाऊ म्हणून मोजलाही जात नव्हता. आपल्या खास विनोदी ढंगात हे सांगताना लक्ष्मीबाई कुठेही संतपदाचा आव आणत नाहीत. उलट स्वतःच्या जुन्या सोवळ्याचीच यथेच्छ थट्टा करतात. परूशाला जमले नाही ते नेमके हेच.

मत्तयने एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही. भावाने दार उघडले का? 'आता बरी आठवण झाली' म्हणून तोंडावर आपटले का? की दोघे जुन्या बांधावरून पुन्हा पहिल्यापासून भांडले? दोन वचनांत जाणे आहे, येणे आहे, मधला संवाद नाही. गालीलातल्या त्या ऐकणाऱ्यांनी आपापल्या भावाचा स्वभाव आठवून तो मनातच भरला असणार, आणि सुप्याच्या खोऱ्यातला वाचकही तेच करील.