घोडं पेंड कुठे खातं?

मराठीत काम अडलं की आपण 'इथेच घोडं पेंड खातं' असं म्हणतो. प्रेमचंदांची 'स्वत्व-रक्षा' ही कथा मराठीत आणताना हा वाक्प्रचार मला सारखा आठवत होता. या कथेतलं घोडं खरोखरच खाण्यापाशी अडतं आणि अनुवादही तिथेच अडतो.

बनारसजवळच्या लमही गावी १८८० साली जन्मलेल्या या लेखकाची ही छोटी कथा 'मानसरोवर'च्या आठव्या भागात आहे. कचेरीतले कारकून मीर दिलावर अली यांनी पलटणीतून काढून टाकलेला एक घोडा स्वस्तात घेतला आहे. सांगताना मात्र ते त्यावर आयुष्याची अर्धी कमाई खर्च केल्याचं सांगतात. मोतद्दार ठेवणं परवडत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ स्वतःच त्याच्या अंगावरून हात फिरवतात. रतीब अगदी तुटपुंजा. पण धन्याचा हात फिरतो या मानानेच घोडा तृप्त आहे. तो खंगत जातो, तरी रोज तीन मैल चालून मीरसाहेबांना वेळेवर कचेरीत पोहोचवतो. पळणं त्याला आपल्या गांभीर्याला शोभत नाही असं वाटतं. सगळे हक्क सोडून त्याने एकच राखला आहे, रविवारचा. कचेरीत झाडाखाली वाळकं गवत आणि उन्हाच्या झळा. रविवारी मात्र छपराची सावली आणि हिरवी हरळी. त्या दिवशी तो लगाम तोंडात घेत नाही. आणि शेजारचे मुन्शी सौदागरलाल वरातीसाठी घोडा मागतात तो नेमका रविवारी. पुढची फजिती कथेतच वाचावी.

इथला विनोद प्रसंगात आहे, त्याहून जास्त तो भाषेत आहे. चारा, खरारा आणि सुट्टी यांच्यासाठी प्रेमचंद आत्मसन्मान, स्वामिभक्ती, बलिदान असे व्याख्यानात शोभणारे शब्द वापरतात, आणि निवेदक एकदाही डोळा मिचकावत नाही. मराठी अनुवादकाला इथे मोह फार. पोटाला हरभरे कमी घालून घोड्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे मीरसाहेब किंवा 'वरातीमागून घोडे' ही म्हण, दोन्ही हाताशी तयार असतात. मी दोन्ही बाहेर ठेवल्या. आपण गंमत सांगतो आहोत हे निवेदकाला कळलं की घोड्याचा आत्मसन्मान संपतो आणि केवळ हटवादी जनावर उरतं.

दुसरा पेच 'रातिब' या शब्दाचा. घोड्याच्या दाण्याला मराठीत 'चंदी' हा नेमका शब्द आहे. तरी मी 'रतीब' ठेवला. आज तो शब्द दूधवाल्याकडे आणि पेपरवाल्याकडे गेला आहे, त्यामुळे वाचक क्षणभर अडखळतो. ते अडखळणं मला हवं आहे. चंदी म्हणजे नुसता दाणा. रतीब म्हणजे रोजचं ठरलेलं देणं. ते कमी झालं, तर कुणीतरी करार मोडला असा त्याचा अर्थ होतो.

शीर्षकाचं मात्र पूर्ण समाधान होत नाही. प्रेमचंदांच्या हिंदीत 'स्वत्व' म्हणजे हक्क. मराठीत स्वत्व म्हणजे स्वतःची ओळख, अस्मिता. 'हक्करक्षण' म्हटलं तर कामगार संघटनेचं पत्रक वाटतं, आणि 'स्वत्वरक्षा' म्हटलं तर घोडा उगाच वीरपुरुष होतो. मूळ घोडा वीर नाही, हिशेबी आहे. काय सोडायचं आणि काय नाही, हे त्याने मोजून ठरवलं आहे.

माझी तक्रार कथेच्या एका जागेबद्दल आहे. उपाशी जनावर मायेच्या हातावर संतुष्ट आहे, हे प्रेमचंद हसत सांगतात आणि पुढे जातात. 'दो बैलों की कथा'मध्ये ते असं जाऊ देत नाहीत: गयाच्या घरी कोरडा भुसा पुढे येतो तेव्हा हिरा-मोती त्याला तोंड लावत नाहीत, आणि तिथे आपल्याला हसू येत नाही. घोड्याची भूक विनोदात का विरते?

उत्तर बहुधा मीरसाहेबांमध्ये आहे. प्रेमचंदांचे वडील टपाल खात्यात कारकून होते; १९२१ साली राजीनामा देईपर्यंत प्रेमचंद स्वतः शिक्षण खात्यात नोकरीला होते. तुटपुंज्या पगाराचा माणूस त्यांना घरातून ठाऊक होता. मीरसाहेब दुष्ट नाहीत. हात फिरवणं एवढंच त्यांच्याजवळ द्यायला आहे. एकाच कचेरीने दोघांचाही रतीब तोडला आहे. म्हणून घोडा हरभऱ्यासाठी भांडत नाही. तो रविवारच्या हरळीसाठी भांडतो, कारण ती खाताना पाठीवर कुणी नसतं.