मुखड्यामागची दुसरी चाल

जुनं हिंदी गाणं गुणगुणणारा माणूस शब्दांच्या मधल्या जागांत व्हायोलिनचे, ॲकॉर्डियनचे तुकडेही तोंडाने म्हणतो. ‘आवारा’च्या शीर्षकगीतातलं ॲकॉर्डियन गाळून ते गाणं म्हणायला कोणालाच जमत नाही. पण त्या गाण्यांत आणखी एक गोष्ट असते, जी एकट्याला गुणगुणता येत नाही, कारण ती गायकाच्या ओळीबरोबर त्याच क्षणी चालू असते. गायिका मुखडा गाते आणि तिच्या खालून किंवा वरून व्हायोलिन-चेलोंची एक वेगळी चाल जात राहते. मुंबईचे वादक तिला ऑब्लिगेटो म्हणत, आता सरसकट काउंटर म्हणतात. चित्रपटसंगीताने स्वतःच्या बळावर जे कमावलं, त्यात ही दुसरी चाल मला फार मोलाची वाटते. आजच्या लोकप्रिय गाण्यात सगळ्यात जास्त हेळसांड तिचीच होते आहे.

आपल्या कानांना ती उपजत नव्हती. रागसंगीतात सारंगी किंवा हार्मोनियम गायकाच्या मागोमाग जाते, त्याची सावली होते. पोवाड्यात, तमाशात झीलकरी ओळीचं शेपूट उचलून धरतात, म्हणजे ओळ संपल्यावर साथ देतात. या दोन्ही गोष्टी समृद्ध आहेत, पण त्यांत चाल एकच असते. एकाच वेळी दोन चाली चालाव्यात आणि ऐकणाऱ्याला दोन्ही कळाव्यात, ही कल्पना मुंबईच्या स्टुडिओंत आली ती मुख्यतः गोव्याहून. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलं सोल्फेज (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकत. तिथला मांडो हा तर मुळात दोन सुरांत गायचा गीतप्रकार. नोटेशन वाचता-लिहिता येणारी ही माणसं आधी नृत्यगृहांत आणि हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवत होती, मग चित्रपटांकडे वळली.

सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतली ठळक नावं. संगीतकार हार्मोनियमवर चाल गाऊन दाखवायचा. अरेंजर ती लिहून घ्यायचा, तिच्याखाली स्वर बांधायचा आणि व्हायोलिनचे पार्ट तयार करायचा. सेबॅस्टियन यांनी हे काम शंकर-जयकिशन यांच्याबरोबर अनेक वर्षं केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याहून पुढे गेले. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा केला, रागांवर आधारलेल्या रचना लिहिल्या आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्या वाद्यवृंदासह गायला बोलावलं. राग आणि बहुस्वरी रचना एकत्र नांदू शकतात, हे त्यांना रसिकांपुढे सिद्ध करायचं होतं.

हे सोपं नव्हतं. शिवरंजनीतल्या मुखड्याखाली रागाबाहेरचा एक स्वर पडला तरी चालीचा रंग उतरतो. गायिका मींड घेत असताना वीस व्हायोलिन हलत राहिली तर मींड बुजते. त्यावर अरेंजरांनी काढलेले उपाय साधे आणि नेमके होते. गळा धावतो तेव्हा वाद्यांनी लांब स्वर धरायचा, गळा थांबतो तेव्हा वाद्यांनी चालायचं. चाल वर चढत असेल तर काउंटर खाली आणायचा. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा तो बहुधा उघडाच ठेवायचा, दुसरी चाल पुढच्या फेरीत आणायची, म्हणजे त्याच ओळीचा अर्थ थोडा सरकतो. लताबाईंच्या उंच पट्टीचा इथे मोठा फायदा झाला. त्यांच्या आवाजाखाली चेलो आणि व्हायोलाला प्रशस्त जागा मिळे. ‘मेरा नाम जोकर’मधलं मुकेश यांनी गायलेलं शिवरंजनीतलं गाणं या दृष्टीने पुन्हा ऐकावं. गळा संयमाने बोलतो आणि जे तो बोलत नाही ते व्हायोलिन उघड करतात.

सलील चौधरी या एकाच माणसात संगीतकार आणि अरेंजर अशी दोन्ही कसबं होती. आसामच्या चहामळ्यांत, वडिलांच्या पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डी ऐकत त्यांचं बालपण गेलं. त्यामुळे चाल सुचतानाच तिची जोडीदारीण त्यांना सुचत असावी असं वाटतं. त्यांच्या गाण्यातून काउंटर काढून टाकला तर मुखड्याचा तोलच जातो. दक्षिणेत इळैयराजा यांनी तोच विचार गळ्यांवर आणला. १९७८च्या ‘चिट्टुक्कुरुवी’ या तमिळ चित्रपटातल्या एका द्वंद्वगीतात एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि पी. सुशीला वेगवेगळ्या ओळी गातात, त्या एकमेकींवर येतात आणि तरीही संवाद तुटत नाही. इंग्रजी पॉपमध्ये याच्या तोडीचं उदाहरण बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘शीज लीव्हिंग होम’चं. धृपदात मॅकार्टनीचा लांब, उंच स्वर घर सोडून गेलेल्या मुलीची बातमी सांगतो आणि त्याच्याखाली लेननचा आवाज आईवडिलांची तक्रार मांडतो. दोन पिढ्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही, आपल्याला मात्र दोघांचंही येतं. कवितेला हे कागदावर साधत नाही. इथे दुसऱ्या चालीमुळे साधलं.

मग हे मागे कसं पडलं? पहिला घाव १९८०च्या दशकातल्या कॅसेटींनी घातला. ‘झंकार बीट्स’च्या नावाखाली जुन्या ध्वनिमुद्रणांवर नवा ठेका चढवला गेला आणि गळ्याखालची नाजूक वाद्यं त्यात बुडाली. पुढे सिंथेसायझर आणि संगणक आले. पन्नास वादकांनी एकत्र बसून गाणं वाजवण्याची पद्धत संपत गेली. पण दोष यंत्राला देणं मला पटत नाही. काउंटर लिहायला आज एक कीबोर्डही पुरतो. बदलला तो कामाचा क्रम. आता लूप आणि स्वरांची चौकट आधी तयार होते, गळा त्यावर बसतो, आणि मुखडा मोठा करायचा म्हणजे त्याच गळ्याचे चार-सहा थर रचायचे, खाली पॅड पसरायचा, ठेका वाढवायचा. गाणं जाड होतं, पण त्यात दुसरं मत येत नाही. भिंतीला रंगाचे कितीही हात दिले तरी तिला खिडकी फुटत नाही.

जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या पाहिल्या की ही वृत्ती उघड दिसते. मुखड्याचे शब्द आणि चाल उचलली जाते, बहुतेक वेळा काउंटर तेवढा मागे राहतो. म्हणजे निर्मात्याच्या लेखी तो गाण्याचा भागच नसतो. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांतले कीबोर्डवादक मात्र तो इमानाने वाजवतात, कारण त्याच्याशिवाय गाणं उघडं पडतं हे त्यांना ठाऊक आहे.

चित्र सगळंच काळं नाही. रहमान यांच्या ‘रंग दे बसंती’तल्या एका गाण्यात आई आणि मुलगा यांचे गळे उत्तरार्धात एकमेकांत गुंततात आणि ताटातूट ऐकू येते. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी हॉलिवूडमध्ये सिंफनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. त्याच्या उत्तम जागी व्हायोलिन गायकाची री न ओढता स्वतःची उत्कटता घेऊन येतात. मराठी धृपदाला इतका मोठा श्वास क्वचितच मिळाला होता. त्यानंतर ध्वनिमुद्रणासाठी बुडापेस्ट-स्कोप्येच्या वाद्यवृंदांकडे जाणं नवलाचं राहिलं नाही. तरी साठ वादक मिळून गायकाचीच चाल वाजवणार असतील, तर तो खर्च केवळ थाटासाठी होतो. एका बासरीने घेतलेली वेगळी वाट त्याहून जास्त सांगते.

खरी उणीव आहे ती हे लिहिणाऱ्या माणसाची, आणि त्याला आपण कधीच नीट जागा दिली नाही. सेबॅस्टियन यांच्यासारख्यांची नावं पडद्यावर सहायक म्हणून यायची. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीला आधार दिला, ते योग्यच झालं. अरेंजर मात्र त्या व्यवस्थेबाहेर राहिला. चाल कागदावर उतरवली नसली तरी ती रचणारा कायद्याने संगीतकार ठरतो. त्या चालीखाली दुसरी चाल लिहिणाऱ्याला एकदाच मिळणारं मानधन पुरेसं मानलं जातं. ज्या कामाला नाव नाही आणि वाटा नाही, त्यात आयुष्य घालायला नवी मुलं का येतील? म्हणून ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गायकाशेजारी अरेंजरचं नाव छापावं आणि संगीतकाराने आपल्या वाट्यात त्याला सामील करून घ्यावं. संगीतशाळांनी रागाला न दुखावता दुसरी चाल कशी लिहावी हे शिकवावं. त्यासाठी सलीलदा आणि सेबॅस्टियन यांची गाणीच पाठ्यपुस्तक म्हणून पुरेशी आहेत. आम्ही समीक्षकांनीही गळा आणि शब्द यांच्यावर लिहून झाल्यावर थांबू नये. मुखडा तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या मागे काय होतं आणि ते कोणी लिहिलं, हेही प्रत्येक परीक्षणात नोंदवावं.