हमी आणि अनुग्रह : किनवटच्या संदर्भात दोन शासकीय मजकुरांचे परीक्षण

शासकीय साहाय्याविषयीच्या चर्चेत दोन भिन्न गोष्टींची वारंवार गल्लत होते : कायद्याने मान्य केलेला हक्क आणि शासनाने देऊ केलेला लाभ. महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी अधिनियम व २०२४ ची ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना ही या दोहोंची ठळक उदाहरणे होत. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून किनवटसारख्या तालुक्याच्या कसोटीवर तपासले असता हा भेद स्पष्ट होतो; मात्र तो सामान्यतः समजला जातो तितका सरळ नाही.

१९७२-७३ च्या दुष्काळात राज्यातील सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्या अनुभवाला वि. स. पागे यांच्या विचाराची जोड मिळाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अधिनियम अंमलात आला. ग्रामीण प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते १५ दिवसांत द्यावे, अन्यथा बेकारी भत्ता द्यावा, हा त्याचा गाभा. खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर १९७५ मध्येच व्यवसाय कर बसला होता. शहराने पैसा द्यावा, मजुराला मजुरी मिळावी आणि बांधबंदिस्ती व पाझर तलावांचा फायदा जमीनधारकाला व्हावा, असा हा वर्गावर्गांतील अलिखित करार होता. भूमिहीनाच्या वाट्याला मजुरीपलीकडे फारसे काही आले नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि मागणारा येथे याचक नव्हता. विलंबाची किंमत शासनाने मोजावयाची होती.

या शब्दांची खरी परीक्षा किनवटला होते. १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला जोडला गेलेला हा सागवानी जंगलाचा प्रदेश. गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांची येथे मोठी वस्ती. १५ दिवसांची मुदत मोजावयाची ती मागणी नोंदली गेल्यापासून; म्हणजे हक्काचा सारा आधार तारखेच्या पोचेवर. घरी गोंडी वा कोलामी बोलणारा मजूर तोंडी मागणी करून परतला, तर कागदाच्या दृष्टीने त्याने काम मागितलेलेच नसते. शिवाय १९८० च्या वन संवर्धन अधिनियमामुळे वनजमिनीवरील कामांना मर्यादा पडल्या. २००५ च्या केंद्रीय कायद्याने १०० दिवसांची हमी देशभर नेली. फेब्रुवारी २००६ मधील पहिल्या टप्प्यातच नांदेड जिल्हा समाविष्ट झाला. त्या कायद्याने पोच देणे बंधनकारक केले. परंतु ती मागून घेण्याचे बळ कायद्याच्या कलमातून येत नाही.

जून २०२४ च्या शासन निर्णयाने पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देऊ केले. नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीपूर्वी महायुतीने ही रक्कम २१०० करण्याचे आश्वासन दिले आणि तिला मोठे बहुमत मिळाले. यावर ‘मते विकत घेतली’ हा निष्कर्ष सुशिक्षित वर्गात सहज काढला गेला. त्यात वर्गीय अहंता आहे. अमेरिकेत २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिट रॉम्नी यांनी देणगीदारांपुढे ४७ टक्के नागरिकांना शासनाचे आश्रित ठरविले, तेव्हाही हीच वृत्ती प्रकट झाली होती. २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या भाषणाने रूढ झालेला ‘रेवडी’ हा शब्द त्याच कुळातला. आणि पुढे त्यांचाच पक्ष राज्यात सत्तेत असताना ही योजना आली, हेही ध्यानात घ्यावे लागते. हजेरीपटाच्या मध्यस्थीवाचून स्वतःच्या खात्यात पडणारा पैसा स्त्रीला मोलाचा वाटला, तर तो तिचा भोळेपणा नव्हे, अनुभवसिद्ध विवेक होय.

दोष अन्यत्र आहे. अधिनियम रद्द करण्यास विधिमंडळ लागते. शासन निर्णय दुसऱ्या निर्णयाने आकुंचित होतो. २०२५ मध्ये पडताळणीत अनेक नावे वगळली गेली आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात २१०० रुपयांची तरतूद झाली नाही. आश्वासन न पाळल्याबद्दल किनवटच्या मजूर स्त्रीला कोणताही भत्ता मागता येत नाही. तिच्या हाती राहते ते पुढील निवडणुकीतील मत.

हमीजवळ हक्क होता, पण पोहोच तोकडी होती. अनुग्रहाजवळ पोहोच आहे, पण हक्क नाही. म्हणून साहाय्याचे मूल्य केवळ रकमेवरून वा मतपेटीवरून ठरविणे अपुरे आहे. ज्या वर्षी निवडणूक नसते, त्या वर्षी ते कोणाला, कोणापुढे आणि कोणत्या कागदाच्या बळावर मागता येते, हाच त्याच्या परीक्षणाचा निकष होय.