पडद्यावरचा डोंगर आणि पायाखालचा कातळ

भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला नकाशा करायला शिकवायचे, तर त्याला रानात न्यावे लागते, हे सर्वांनी गृहीत धरले होते. २०२० साली कोविडच्या साथीत ते अशक्य झाले आणि अनेक देशांतील विद्यापीठांनी क्षेत्र-अभ्यास संगणकाच्या पडद्यावर आणला. उपग्रहचित्रे, कातळांची त्रिमितीय प्रतिरूपे आणि नमुन्यांची छायाचित्रे पाहून विद्यार्थी घरबसल्या नकाशे काढू लागले. हे अभ्यासक्रम आपल्या कितपत कामाचे आहेत? जालना जिल्ह्यातल्या हसनाबादच्या मातीवर त्यांची परीक्षा घेऊन पाहू.

आधी त्यांचे श्रेय त्यांना देऊ. ज्याला डोंगर चढता येत नाही, जिला घरून आठ दिवसांच्या सहलीची परवानगी मिळत नाही, ज्या महाविद्यालयाकडे गाडीभाड्याला पैसे नाहीत, त्यांना हे दार प्रथमच उघडते. समोच्च रेषांवरून भूरूप डोळ्यांपुढे उभे करणे नवशिक्याला फार जड जाते. पडद्यावर डोंगर फिरवून पाहिला की ते चटकन उमगते. चुकलेली रेषा पुसून दहा वेळा काढता येते. रानात एवढी सवड नसते.

पण अशा अभ्यासक्रमांना सोयीचे प्रदेश असतात ते वळ्या पडलेल्या, उघड्या, रंगीत थरांचे. तिथे थराची नती, म्हणजे उतार, आणि त्याची दिशा आकाशातूनही ओळखता येते. हसनाबादचा प्रदेश याच्या अगदी उलट आहे. दख्खनच्या पठारावरचे हे लाव्हाप्रवाह सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. ते जवळजवळ आडवे आहेत, म्हणून दोन प्रवाहांमधली सीमा समोच्च रेषेच्या सोबतीनेच धावते. वरून पाहिले तर दिसतात काळी शेते आणि करडे माळ. एक प्रवाह कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, ते कळते नाल्याच्या काठावर किंवा विहिरीच्या भिंतीत. खाली घट्ट काळा पाषाण असतो. वर झिओलाइटने भरलेल्या पोकळ्यांचा, सहज फुटणारा खडक येतो. त्यावर कधी वीतभर, कधी हातभर तांबड्या मातीचा पट्टा असतो आणि मग पुन्हा काळा पाषाण. यासाठी हातोडी आणि भिंग लागते.

माझा मुख्य आक्षेप मात्र आणखी वेगळा आहे. पडद्यावरच्या अभ्यासात कोणीतरी आधी निवडलेले कातळच दिसतात. कुठे थांबायचे, हे शिक्षकाने ठरवलेले असते. खऱ्या रानात बहुतेक जमीन मातीखाली झाकलेली असते आणि कातळ अधूनमधूनच डोके वर काढतो. मधल्या झाकलेल्या जागेत रेषा कशी न्यायची, याचा निर्णय घेणे म्हणजेच नकाशा करणे. म्हणूनच नकाशात पाहिलेली सीमा अखंड रेषेने आणि अनुमानाची सीमा तुटक रेषेने दाखवतात. ज्याने कधी अर्धा दिवस कातळ शोधला नाही, त्याला तुटक रेषेचा प्रामाणिकपणा कसा कळणार?

हा केवळ परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न नाही. जालना जिल्ह्याने २०१२-१३ चा दुष्काळ भोगला आहे. घट्ट पाषाणात पाणी फक्त भेगांमधून मुरते. सच्छिद्र, झिजलेल्या खडकात ते अधिक साठते. तांबडा पट्टा बहुधा पाणी अडवतो. अनुमानाची सीमा कोणी पाहिल्यासारखी अखंड रेषेने काढली आणि त्या भरवशावर शेतकऱ्याने विहीर खोदली, तर चुकीची किंमत तो शेतकरी मोजतो.

तेव्हा शिक्षकांनी पडद्याला जागा द्यावी, पण तयारीची आणि उजळणीची. इस्रोच्या ‘भुवन’वर गावाचा परिसर पाहून मुलांकडून अंदाजी नकाशा काढून घ्यावा. मग गिरजा नदीच्या किंवा जवळच्या नाल्याच्या काठाने कोरड्या दिवसांत एक किलोमीटर चालावे. विहिरी काठावरूनच, मोठ्यांच्या देखत पाहाव्यात. परत आल्यावर दोन्ही नकाशे शेजारी ठेवून विचारावे, ‘यातली कोणती रेषा तुम्ही डोळ्यांनी पाहिली?’

या प्रश्नाचे खरे उत्तर देता येणे, हाच क्षेत्र-अभ्यासाचा पहिला धडा आहे. तो पायी चालूनच शिकावा लागतो.